खांबाला राहिलेली कडी

"आवं, ऐकलंसा का? बाळासो देवाची काहील मोडनार हाय म्हनं, आन् मंग तिचं…"

मनुबाई एवढं बोलली आणि गुरवानं आरतीची घंटा सुरू केली. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. आता तुम्हीच सांगा, जिला मोडायची भाषा चालली होती ती काहील मीच, आणि मलाच बातमी अर्धी! भैरोबाच्या सभामंडपात खांबाला टेकून उभी असते मी. गावाच्या भानगडी ऐकायची मला हौस आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या दिवशी आरती संपेपर्यंत जिवात जीव नव्हता. आरती झाली तर मनुबाई आपली प्रसाद घेऊन चालती झाली.

मी मूळची गुऱ्हाळातली. उसाचा रस आटवायची ती पसरट, मोठी काहील. कराडच्या एका लोहारानं पत्रे जोडून, ठोकून मला घडवलं. मला उचलायचं म्हणजे दांडे घालून, म्हणून काठाला चार कड्या बसवल्या. लालासाहेबांच्या गुऱ्हाळात चुलवाणावर बसले. खाली जाळ, पोटात उकळता रस, आणि भोवती काकवीसाठी तांबे घेऊन उभी पोरं. माझं आयुष्य तिथंच जायचं.

पण लालासाहेबांचा बाळासो लढाईवर गेला आणि बरेच दिवस त्याची खबर नाही. म्हाताऱ्यानं भैरोबाला नवस केला. पोरगा लंगडत का होईना, परत आला. मग मला राखेनं घासून, हळदकुंकू लावून देवाला वाहिलं. तेव्हापासून भंडाऱ्याचा भात माझ्यातच शिजायला लागला. नानासो म्हणजे देवळाचे पंच. मला कुणाचा पाय लागला तर ते असे अंगावर जायचे की माणसानं देऊळ सोडावं. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटायचा.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. देऊळ टेकाडावर, खालची आळी पार नदीच्या कुशीत. त्या आळीच्या टोकाला धोंडुबाईचं घर. तिचा नवरा आकाराम विहिरीच्या कामावर दरडीखाली सापडला आणि कमरेतून गेला. गडी धिप्पाड, पण सगळं अंथरुणात. मागच्या पुराला पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागून ओसरलं होतं.

एका सोमवारी भजन संपलं आणि बाळासो उभा राहिला.

"देवळात आपन सगळी जमतोच. पूर यायच्या आदी ठरवू या. घंटा कोन वाजवनार, कुनाच्या दारात कोन जानार, शिधा कुटं ठेवायचा."

"ही काय पलटन हाय व्हय रं?" मागून एकजण म्हणाला. "आता भजनाला बी लेफ्ट-राइट कर म्हनशील!"

हशा झाला. तो ओसरायच्या आत बायकांच्या बाजूनं धोंडुबाई बोलली. डोक्यावरचा पदर नीट करत, पण खणखणीत.

"पळनाऱ्याचं ठरवा खुशाल. पडलेल्या मानसाचं काय करनार, ते बी सांगा."

बाळासोनं माझ्याकडं हात केला. "ही काहील. पान्यावर तरंगंल. मधी मानूस निजवायचं, कड्यांना दोर लावून वडायचं."

नानासो ताडकन उठले. "परसादाच्या भांड्यात पाय घालनार? तुझं डोस्कं लढाईतच ऱ्हायलं काय रं?"

"माझ्या जिवापायी ही देवाला दिली, नाना. मग जीव वाचवायलाच न्यावी की."

"दिलेलं परत मागतोस व्हय? मग जीव बी परत दे भैरोबाला!"

असं बोलणं देवाच्या दारात झालं. लालासाहेब मान खाली घालून बसले होते. खरं सांगते, मी मनातून नानासोंच्या बाजूला होते. चुलीवरनं उठून देवापाशी आलेलं भांडं मी. मला कशाला पाण्यात जायची हौस?

तरीही बाळासोनं चार पोरं जमवून मला पाणवठ्यावर नेलंच. तिथं त्याची चूक झाली. मी गोल, हे तो विसरला. दोर एकाच कडीला बांधला आणि त्या पोरांतल्या गुंडाला माझ्या काठावर बसवलं. मी भोवऱ्यासारखी गरगरले, कलले, आणि गुंडा पाण्यात! पाणवठ्यावरची माणसं पोट धरून हसली. नानासो हसले नाहीत. "द्येवानंच पाडला," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मंडपात त्यांनी माझ्या एका कडीतून साखळी ओवली, ती खांबाला घातली आणि वर पितळी कुलूप. किल्ली त्यांच्या करदोट्याला.

बाळासो गप्प बसला नाही. नानासोंकडं न बघता त्यानं आपलं काम चालू ठेवलं. घंटेला माणूस नेमला, देवळाच्या माडीवर तांदूळ आणि सरपण चढवलं. दोर दोन बाजूंना लावायचे, माणूस मधोमध निजवायचा, हे त्यानं पोरांना घरच्या परातीवर दाखवलं. वरच्या आळीतली माणसं त्याच्याशी बोलायची बंद झाली. मनुबाई तेवढी दोन्हीकडं जात होती.

श्रावणात नदी फुगली. दिवस उजाडता उजाडता घंटा वाजायला लागली आणि ठरल्याप्रमाणं माणसं खालच्या आळीत धावली. शेरडं आली, पोरं आली, म्हाताऱ्या पाठंगुळीला बसून आल्या. आकाराम तेवढा आला नाही. आळीत छातीभर पाणी, त्याला उचलून चालणारे दोनदा पडता पडता वाचले. शेवटी त्याला घरातल्या माळ्यावर चढवून बाळासो धापा टाकत देवळात आला.

"नाना, किल्ली."

"घरी ऱ्हायली."

मला करदोट्याला लोंबणारी किल्ली दिसत होती. धोंडुबाईलाही दिसली असणार. तिनं कोपऱ्यातली पहार घेतली आणि कुलपावर घातली. कुलूप दाद देईना. मग तिनं पहार माझ्या कडीत अडकवली आणि सगळं अंग टाकून रेटली.

"हात लावशील तर खबरदार!" नानासो ओरडले.

"लावला," ती म्हणाली.

कडी धरून ठेवणारे माझे रिबिट तुटले, कडी साखळीतच राहिली. दुखलं. पण खरं दुखलं ते त्याआधी, त्या "घरी ऱ्हायली"मध्ये. तेवढ्या दोन शब्दांत माझा नानासोंबद्दलचा अभिमान संपला.

तीन कड्या उरल्या होत्या. दोन बाजूंना दोर लागले. आळीतल्या संथ पाण्यातून पोरांनी मला धोंडुबाईच्या माळ्याला नेऊन भिडवलं. आकारामला मधोमध निजवलं. मी गरगरले नाही. तो डोळे मिटून म्हणत होता, "लय जड हाय मी. सोडू नगंसा." ज्या पोटात रस उकळला, भात शिजला, त्यात आता त्याचं जड अंग होतं. एवढं सांभाळून मी कधी काहीच धरलं नव्हतं.

देवळात सगळं गाव उपाशी. माडीवर तांदूळ होता, पण तेवढं मोठं दुसरं भांडं कुठं? बायकांनी मला राखेनं घासलं आणि दगडांवर चढवलं. भात झाला. नानासो भिंतीकडं तोंड करून बसले, शितालाही शिवले नाहीत. त्यांची बायको रंगूबाई मात्र ताट घेऊन पुढं आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वाढा मला. माझं भांडान न्हाई हिच्यासंगं."

पूर ओसरला, वैर नाही ओसरलं. भंडाऱ्याला नवी काहील आणली. मला मंडपाबाहेर, वळचणीला पालथी टाकली. नानासो आणि बाळासो अजून समोरासमोर आले की एकजण वाट बदलतो.

परवा मनुबाईचं ते वाक्य मला अखेर पुरं ऐकायला मिळालं. कुण्या पाहुणीला सांगत होती, "बाळासोनं देवाची काहील मोडली, आन् मंग तिचं होडकं केलं." होडकं झाले, हे खरं. पण बाळासोनं मला मोडलं नाही, आणि मी मोडले तर मुळीच नाही. गेली ती एक कडी.

ती कडी अजून आत खांबाला, साखळीत, कुलपात तशीच लटकते आहे. धोंडुबाई दर्शनाला आली की आधी तिच्याकडं बघते, मग देवाकडं.

नानासो, तुमचा राग तुमच्यापाशी राहू द्या. मला मंडपात घ्या असंही म्हणत नाही. तेवढं कुलूप काढा. कडी परत बसवून घ्यायची आहे. नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलंय, आणि आकाराम अजून त्याच घरात झोपलेला आहे.