हाताची घडी, तोंडावर बोट

माझ्या नातीच्या खाटेवर आवाज बसले आहेत. सोमवारी दोन होते, आज बुधवारी सतरा. सलाईनच्या पंपाची टीं-टीं उशीवर, फोनची घंटा पायथ्याशी, ट्रॉलीची खडखड थेट पोटावर. सात वर्षांच्या इरावतीला गादीची वीतभर कड उरली आहे.

"आजोबा, त्यांना सरकायला सांगा ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ती कड टेपने मोजली. "झोप मिळाली तर पोर सुधारेल. पण एवढ्या जागेत झोप मावत नाही."

मुलांच्या या अतिदक्षता विभागात कुंदा सिस्टर चपला काढून नुसत्या मोज्यांवर चालतात. आपल्या पावलांचा अठरावा आवाज तिथे जाऊन बसू नये म्हणून. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"सिस्टर, मी यांना शिस्त लावून बघू?"

"बघा की गुरुजी. आमचं तर एक ऐकत नाहीत मेले."

मी चौतीस वर्षं पहिलीला शिकवलं. लहानांवर ओरडायचं नसतं, आधी स्वतः करून दाखवायचं असतं. मी हळू म्हणालो, "हाताची घडी, तोंडावर बोट," आणि माझं बोट ओठांवर ठेवलं.

पंपाच्या टीं-टींने ठेवलं. घंटेने ठेवलं. खडखड लाजली आणि पोटावरून उतरली. सगळे फरशीवर रांगेत मांडी घालून बसले. इरावतीने पाय लांब केले, कूस बदलली, आणि तिला झोप लागली. मी मनातल्या मनात एकेकाला शाबास म्हणत रांग मोजली.

अठरा.

शेवटचा सगळ्यांत लहान होता. पाठ ताठ, घडी घट्ट. वर्गातलं सगळ्यांत गुणी मूल असंच बसतं.

"हा कुणाचा हो?" सिस्टरांनी विचारलं आणि मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची रेघ सरळ होती. "अगंबाई, हा तर हिच्या काळजाचा ठोका! ऊठ राजा, जा बघू आत."

ठोका उठला, खाटेवर चढला आणि इरावतीच्या छातीपाशी थांबला. माझ्या वर्गात विचारल्याशिवाय कुणी आत येत नसे. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आत येऊ, गुरुजी?"

चौतीस वर्षांत मी एकाही मुलाला दारात ताटकळत ठेवलं नाही. मी हो म्हणायला गेलो. बोट ओठांवरून निघेना.

कुंदा सिस्टर मोज्यांवर, जराही आवाज न करता, धावत आल्या आणि त्यांनी ते बोट ओढून काढायला दोन्ही हातांनी धरलं.