नऊ पावलं

मित्रांनो, होडी बांधायचा जुना खुंटा मी. मला भित्रा म्हणालात तरी चालेल, कारण समुद्राला मी फार जवळून पाहिलं आहे.

एका होडीवाल्याने घणाचे घाव घालून मला कोरड्या जमिनीत ठोकलं. तेव्हा त्याच्या उंबऱ्यापासून काठ तीस पावलांवर होता. वादळवाऱ्यात होडीला मी घट्ट धरून ठेवी, आणि तो कौतुकाने माझ्या डोक्यावर थाप मारी.

मग काठ ढासळू लागला. एके दिवशी तो मला ओलांडून मागे सरकला आणि मी चिखलात उभा राहिलो. भरतीला पाणी कमरेपर्यंत चढे, तेव्हा मी जीव मुठीत धरून असे. होडीवाल्याची सून दर वर्षी उंबऱ्यापासून काठापर्यंत मोठ्याने पावलं मोजी. वीस. चौदा. ज्या वर्षी ती नवावर थांबली, त्या वर्षी मला घर वाहून जाताना दिसू लागलं. आत पाळण्यात तिचं बाळ झोपलेलं होतं.

समुद्राला थोपवायला खारफुटी लावायची ठरली. होडीवाल्याने शेंगा पार पुढे, जिथे ओहोटीलाही पाणी हटत नाही, तिथे चिखलात खोचल्या. पंधरा दिवसांत सगळ्या वाहून गेल्या.

सुनेने माझ्या अंगावरची ओल बोटाने दाखवली. "बाबा, या खुंट्याकडे बघा. इथं पाणी चढतं आणि उतरतंही. रोपं इथंच जगतील."

"आणि होडी कुठं ओढू? डोक्यावर घेऊ?"

"होडी वळसा घालून पलीकडे लावता येईल. घर कुठं लावायचं?"

त्याने स्वतःच्या हाताने माझा दोर सोडला. मला फार वाईट वाटलं.

रोपं खांद्याएवढी झाली. माझ्याकडे कुणी फिरकेना. आणि एक दिवस होडीवाला कोयता घेऊन आला. माझी पाचावर धारण बसली.

"वळसा घालून गुडघे गेले माझे. होडीपुरती वाट काढतो, बस्स."

सुनेने त्याला अडवलं नाही. "काढा. पण आधी पावलं मोजा, बाबा."

तो कुरकुरत उंबऱ्यापाशी गेला आणि मोजत आला. नऊ. चार पावसाळे उलटले होते, तरी नऊच! तो चिखलात उतरून माझ्यापाशी आला. मग त्याने कोयता माझ्या डोक्यात रुतवला आणि वळशाच्या वाटेने निघून गेला.

मित्रांनो, आता मी कुजत चाललो आहे. मला उपटून चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण या झाडांना हात लावण्याआधी एकदा पावलं मोजा. ते बाळ आता पाच वर्षांचं झालं आहे, आईमागून तेही मोजतं. दर वेळी ते आठ म्हणतं आणि श्वास घ्यायला थांबतं, तेव्हा मी भीतीने गारठून जातो.