शिंपीकाकांची तिसरी कादंबरी

"हल्लीच्या कादंबऱ्यांत काही दम नाही, बाई. शेवट नुसता लांबवतात," शिंपीकाका काउंटरवर पुस्तक परत देत पुटपुटले. ग्रंथपालबाईंनी या उन्हाळ्यात त्यांना निवडून दिलेली ही तिसरी कादंबरी. पूर्वी काकू पुस्तकं न्यायच्या. त्या गेल्यापासून त्यांच्याच कार्डावर काका येत.

बाईंनी पुस्तक चाळलं. शेवटची वीस पानं बाइंडिंगवाल्याने गाळलीच होती. त्यांनी ते मिटून बाजूला ठेवलं. नवी कादंबरी पुढे सरकवत म्हणाल्या, "ही न्या. जाड आहे, पण भराभर वाचून होते."

कापडाचा पोत बघावा तसा काकांनी कव्हरवरून अंगठा फिरवला.

"मला वाचता येत नाही, बाई. ती वाचायची, मी काजं करत ऐकायचो. पुस्तक नसलं की घर खायला उठतं, म्हणून नेतो."