आईचे तीस दिवस

पद्माकर बोर्निओच्या जंगलात सोन्याच्या खाणीवर असायचा आणि त्याचा संसार सिंगापूरला, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये. सहा आठवडे खाण, दोन आठवडे घर. होडी, छोटं विमान, मोठं विमान, असं अकरा वर्षं चाललेलं. खाणीवर दिवसभर चिखल तुडवायचा आणि आठवड्यातून एकदा भट्टीतून ओतलेलं सोनं कुलपात ठेवायचं. त्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

२००६ च्या मार्चमध्ये त्याची आई सांगलीहून लेकाला भेटायला आली. वय अठ्ठ्याहत्तर. विमानप्रवास पहिलाच, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की शेवटचाही हाच. सिंगापूरला राहायचा पास तीस दिवसांचा. पद्माकर विसाव्या दिवशी पोचणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या बदलीच्या माणसाचा पाय मोडला. सहा वर्षं हाताखाली असलेला हेंद्रा म्हणाला, "किल्ली माझ्याकडे द्या, सर. तुम्ही जा."

"दोन-चार दिवसांनी काय बिघडतंय?" पद्माकर म्हणाला आणि होडी त्याला न घेताच गेली.

मग नदीला पूर आला, होड्या बंद पडल्या. त्यात पद्माकर तापाने आडवा झाला. सोनं शेवटी हेंद्रानेच ओतलं, आणि गुंजभरही चूक केली नाही. पद्माकर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरला तो एकतिसाव्या दिवशी. आई आदल्या दिवशी परत गेली होती.

बायको क्षिप्राने पान वाढलं. नऊ वर्षांची लेक इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजी रोज खाली जाऊन वेट करायची, बाबा. आय टोल्ड हर, नो नीड लाह."

तो तसाच ताटावरून उठला. हात धुऊन त्याने सांगलीला फोन लावला.

"पोचलास का रे? ताप उतरला?" आईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "घर छान आहे तुझं. सून बघितली, नात बघितली. तू तेवढा राहिलास."

"चुकलं माझं, आई. पुढच्या सुट्टीत मीच येतो."

"ये की. पण मला एक सांग, तिथं तुझ्याशिवाय कुणालाच जमत नाही का रे ते काम?"

अकरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार असायचं. क्षिप्राला त्याने ते कितीदा तरी ऐकवलं होतं.

"जमतं, आई," तो म्हणाला.