मिस्टर लाल यांच्या उठाबशा

पद्माकरनं डिस्कवर फुंकर मारली, शर्टाच्या टोकानं ती पुसली आणि प्लेअरमध्ये सरकवली. मग सोफ्यावरची मधली जागा थोपटत तो म्हणाला,

"स्पृहा, ये लवकर. सुरू होतंय बघ."

स्पृहा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मुस दास झाइन?" तिनं जर्मनमध्ये कुरकुर केली. बघायलाच हवं का?

"हो, बघायलाच हवं. आप्पांनी पुण्याहून एवढ्या लांब आणलंय."

सोफ्याच्या एका टोकाला आप्पा, म्हणजे पद्माकरचे सासरे दत्तात्रयराव, शाल पांघरून बसले होते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचा फेब्रुवारी त्यांना मानवला नव्हता, पण नातीच्या सहवासात थंडीबद्दल तक्रार करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. स्पृहा येऊन दोघांच्या मध्ये बसली, गुडघे छातीशी घेऊन. अकरा वर्षांची पोर, पण अलीकडे बसायची ती अंग चोरून.

सोमवारी तिच्या वर्गाची सहल निघायची होती. क्लासनफार्ट. श्वार्त्सवाल्डच्या जंगलात मुक्काम, रात्री शेकोटी, सगळा वर्ग एकत्र. आणि स्पृहा म्हणत होती, मी जाणार नाही. आधी पोट दुखतं म्हणाली, मग तिथलं जेवण नको म्हणाली, आणि शेवटी कारण देणंच तिनं सोडून दिलं. तिची आई नंदिनी शाळेत जाऊन बाईंना भेटून आली. बाई म्हणाल्या, मुलगी शांत आहे, पण सगळं ठीक आहे. नंदिनीला ते पटलं नव्हतं. पद्माकरला मात्र सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत होतं, ते म्हणजे माणसाला खदखदून हसवायचं. एकदा पोरगी हसली की तोंड उघडेल, तोंड उघडलं की पोटातलं बाहेर येईल, असा त्याचा हिशेब होता.

आणि हसवायला आप्पांनी आणलेल्या या जुन्या इंग्रजी मालिकेसारखं दुसरं काही नव्हतं. पद्माकर कॉलेजात असताना त्यांच्या सोसायटीत एकाच घरी व्हिडिओ होता, मनोरमाकाकूंकडे. शनिवारी भाड्यानं कॅसेट यायची आणि काकूंच्या हॉलमध्ये चपला ठेवायलाही जागा उरायची नाही. लंडनमधली एक खाष्ट घरमालकीण, तिचे नाना देशांचे भाडेकरू, आणि त्यातले आपले मिस्टर लाल. मालकीण ओरडली की मिस्टर लाल कमरेत वाकायचे, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, मान लंबकासारखी हलायची. "हॉट कंट्री, मॅडम! व्हेरी हॉट कंट्री!" हसता हसता सगळ्यांची पुरेवाट व्हायची. आपण कुणाला हसतोय, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाला पडला नाही. मिस्टर लाल लंडनला राहत होते, आपण कोथरूडला.

पुढे हेच मिस्टर लाल जर्मनीत पद्माकरच्या कामी आले. कंपनीतल्या पहिल्याच वर्षी नाताळच्या मेजवानीत तो मुका बसला होता, कारण जर्मन भाषा तोंडात गोळा होऊन बसायची. काहीतरी करून दाखव म्हणून सगळे मागे लागले तेव्हा त्यानं नॅपकिन डोक्याला गुंडाळला, चष्मा नाकावर ओढला आणि वाकला. टेबलं बडवली लोकांनी! दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये जो तो त्याला नावानं हाक मारत होता. तेव्हापासून दरवर्षी फर्माईश व्हायची आणि दरवर्षी तो पदरची थोडी भर घालायचा. यंदा मेजवानीला मुलांनाही बोलावलं होतं. स्पृहाला नेमका ताप आला, म्हणून ती आणि नंदिनी घरीच राहिल्या. आता फाशिंगचा, सोंगं घेऊन नाचायचा सण तोंडावर आला होता आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या युर्गनचा आज सकाळीच फोन आला होता. तुझा तो आयटम पाहिजे हं, यानिक विचारतोय. यानिक हा युर्गनचा मुलगा, स्पृहाच्याच वर्गातला.

पडद्यावर मिस्टर लाल जिन्यावरून उतरले. आप्पा आधीच हसायला लागले.

"आता बघ, आता ती बया येईल!"

बया आली, ओरडली, मिस्टर लाल वाकले. पद्माकरनं तिरक्या डोळ्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती, नुसती बघत होती.

"बाबा, त्याची मान पांढरी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मान. कॉलरच्या आत बघ ना. तोंडाला रंग लावलाय त्यानं. तो इंडियन नाहीच आहे."

पद्माकर पुढे झुकला. काकूंच्या घरच्या झिजलेल्या कॅसेटवर असलं काही दिसायचं नाही. या डिस्कवर मात्र रंगाची कड स्वच्छ दिसत होती, भिंत रंगवताना कोपरा राहून जावा तशी. इतकी वर्षं ज्या माणसाची नक्कल केली, तोही नक्कलच करत होता. त्याला उगाचच कानकोंडं झालं.

"अगं, तेव्हा तसंच करायचे," आप्पा म्हणाले. "कुणाला काही वाटायचं नाही त्याचं."

"कुणाला?" स्पृहानं विचारलं.

आप्पांनी शाल सारखी केली.

स्पृहा आता पुढे सरकून बसली होती. तिनं रिमोट हातात घेतला आणि चित्र भराभर पुढे पळवू लागली. मिस्टर लाल वाकले, उठले, पुन्हा वाकले.

"काय शोधतेयस?" पद्माकर म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं. निदान गोडी तरी लागली पोरीला.

"यानिक हे करतो," ती म्हणाली. "शाळेत, माझ्यासमोर. मी वर्गात आले की हे 'हॉट कंट्री' वालं. आणि मान. आता सगळेच करतात, मुलीपण. मला वाटलं, त्यानं ते स्वतः बनवलंय. माझ्यासाठी." तिचा आवाज बारीक झाला. "क्लासनफार्टला ते दिवसभर करतील. रात्रीसुद्धा. तिथून घरी नाही ना येता येत."

आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हसतील त्यांचे दात दिसतील, बाळा. लक्ष नाही द्यायचं."

"पण आता मी बाईंना सांगू शकते ना, आजोबा! की हे एका जुन्या, घाणेरड्या सीरियलमधलं आहे. यानिकच्या घरी ही डिस्क असणार. आल्झो, म्हणजे मला फक्त ते उठाबशांचं सापडायला पाहिजे."

"उठाबशांचं?" पद्माकर म्हणाला.

"शेवटी तो कान पकडून उठाबशा काढतो. सगळे मोजतात, आइन्स, त्स्वाय, द्राय. त्याला सगळ्यात जास्त हसतात. ते कधी येतं?"

ते कधीच येत नव्हतं. कान पकडून उठाबशा लंडनच्या लेखकाला कुठून सुचणार? त्या पद्माकरच्या शाळेतल्या, वर्गाबाहेर उभं करून काढायला लावलेल्या. मेजवानीतल्या टाळ्या जरा कमी पडताहेत असं वाटलं, त्या वर्षी त्यानं त्या स्वतःच्या डोक्यानं घातल्या होत्या. आणि या नाताळात यानिक पहिल्या रांगेतून उठून जवळ आला होता, डोळे चमकत होते पोराचे. पद्माकरनं त्याला कौतुकानं शिकवलं होतं. असं नाही रे, डावा हात उजव्या कानाला, उजवा डाव्या. हां, आता खाली.

नंदिनी थालीपिठांची ताटली घेऊन दारात आली होती. तिनं स्पृहाचं उठाबशांचं बोलणं ऐकलं असावं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ताटली तशीच घेऊन ती आत गेली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"यात नाही वाटतं," स्पृहा म्हणाली. "आजोबा, दुसरी डिस्क द्या."

आप्पांनी दुसरी डिस्क काढून दिली. स्पृहा ती घेऊन उठली. आज कितीतरी दिवसांनी तिच्या चालण्यात जीव आला होता.

"नको लावूस," पद्माकर म्हणाला.

"का?"

"त्यात नाहीये ते. कुठल्याच डिस्कवर नाही."

"तुला काय माहीत?"

तो तिच्यासमोर खाली बसला. सांगायला हवं होतं, आणि शब्द येईनात, ना मराठी, ना जर्मन. लहानपणापासून चूक कबूल करायची एकच रीत अंगवळणी पडलेली. आईपुढे तशीच, देवापुढे तशीच. त्याच्या नकळत त्याचे हात वर गेले. डावा उजव्या कानाला, उजवा डाव्या.

स्पृहाचा चेहरा उजळला.

"गेनाऊ!" ती म्हणाली. "अस्संच करतो यानिक."

मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली, आणि पद्माकरला ते खाली घेता येईनात.