सुबरावचं मत

“येऊ दे की एआय. त्याला एकदा वडगावात आणा आनि म्हणा, दोरा तुटलाय, जोड बघू.” सुबरावने बशीतला उरलेला चहा एका दमात संपवला आणि शामूच्या टपरीवर जमलेल्या मंडळींकडे निकाल दिल्यासारखं पाहिलं.

विषय शामूनेच काढला होता. त्याच्या भाच्याने मोबाईलशी नुसतं बोलून टपरीची नवी पाटी तयार करून घेतली होती, वर कन्नड, खाली मराठी आणि मध्ये वाफाळत्या कपाचं चित्र. रिक्षावाला साईराज म्हणाला, आज पाटी लिहिली, उद्या माझी रिक्षापण तोच चालवणार. सुबरावने त्याला पुढे बोलू दिलं नाही. एआयला पगार नाही, पगार नाही म्हणजे बायको नाही, आणि बायको नाही त्याला संसारातलं काय कळणार, असं त्याचं मत पडलं. तिथून तो सोन्याच्या भावावर गेला, मग पैसा पुरुषाच्या खिशात का टिकत नाही यावर, आणि शेवटी शामूच्या चहात आलं कमी पडतंय यावर येऊन थांबला. मंडळी पोट धरून हसली. सुबरावचं मत झाल्याशिवाय त्या गल्लीत कुणाचा दिवस सुरू होत नसे.

गंमत अशी, की साईराज काय म्हणाला ते सुबरावला ऐकू आलंच नव्हतं.

सुबरावचे वडील येळ्ळूरहून येऊन वडगावात माग चालवायला लागले, त्याच वर्षी हा जन्मला. बाहेरच्या खोलीत दोन यंत्रमाग, आतल्या खोलीत पाळणा. पुढे वडलांच्या जागी तो उभा राहिला आणि दिवसभराच्या त्या खडखडाटात त्याचे कान हळूहळू गेले, इतके हळू की कुठल्या वर्षी गेले हे त्यालाही सांगता आलं नसतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्याला सगळं समजायचं. ओठ दिसले नाहीत तर त्याने एक युक्ती शोधली होती. जोवर आपण बोलतोय तोवर ऐकायचं काम दुसऱ्याचं. तेव्हा आपणच बोलत राहायचं. जन्माचा मितभाषी माणूस असा पन्नाशीनंतर वडगावातला मोठा मतवाला होऊन बसला.

घरात मात्र त्याचं काही अडत नव्हतं. माग सुरू असताना कानाने ऐकणाऱ्यालाही ऐकू येत नाही, त्यामुळे मागवाल्यांच्या घरात हातांनीच बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं जोडून झटक्यात फाकवली की दोरा तुटला. नाकाखाली बोट फिरवलं की मिशीवाला, म्हणजे सुताचा व्यापारी आला. ताराबाई लग्न होऊन आली तेव्हा आठवड्यात ही भाषा शिकली आणि पंधरवड्यात त्याच भाषेत नवऱ्याशी भांडायला लागली. त्यांची मुलगी मंजुश्री तर बोलायच्या आधी हात हलवायला शिकली होती.

ह्या मंजुश्रीचं लग्न ठरत होतं. ती टिळकवाडीत एका वकिलाच्या ऑफिसात कामाला होती, आणि निपाणीचा रविराज त्याच रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत. पसंती दोघांनी केव्हाच करून टाकली होती. मोठ्यांनी आता फक्त हे स्थळ आपणच शोधून काढलं असं दाखवायचं होतं. रविवारी निपाणीची माणसं बघायला येणार होती.

सुबराव मात्र आपल्या कानांच्या काळजीत होता. कान गेलेत हे कळलं आणि पाहुण्यांनी म्हटलं की हे दुखणं घराण्यातलं, उद्या नातवंडांत उतरेल, तर? पोरीचं जमलेलं आपल्या कानांपायी मोडेल, ही भीती त्याला झोपू देईना. मंजुश्री म्हणाली, सरळ सांगून टाकूया. तो नाही म्हणाला. मग तिने आपला मोबाईल पुढे केला. त्यात एक सोय होती, समोरचा मराठीत बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटायचं. हेही एआयच करतं, असं तिने मुद्दाम सांगितलं.

“पावण्यांच्या तोंडाकडं न बघता मोबाईलात बघत बसू व्हय?” सुबराव म्हणाला. “त्यापरास तुझी आई बरी.”

तेव्हा ठरलं ते असं. सुबरावने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसायचं, ताराबाईने दारात उभं राहायचं, आणि पाहुणे बोलतील ते पदराआडून हाताने सांगायचं.

रविवारी माग बंद होते. खोली झाडून पुसून, मागांवर धुतलेल्या चादरी घालून पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. रविराज आला, त्याची आई नागुबाई आली, आणि त्यांच्यामागून त्याचे वडील महादेवराव आत आले. त्यांना पाहताच सुबराव मनातून खचला. महादेवरावांना मिशी होती. नुसती मिशी म्हणून भागणार नाही. नाकाखाली सुरू होऊन ती थेट कल्ल्यांना भेटायला गेली होती, आणि तिच्याखाली ओठ म्हणून काही असेल असं वाटत नव्हतं. तंबाखूच्या शेतापासून निपाणीच्या बाजारापर्यंत तिची ओळख होती, असं पुढे रविराजने सांगितलं. विचार करताना महादेवराव तिला पीळ देत, आणि ते बराच विचार करणारे गृहस्थ होते.

सुरुवातीचा वेळ झकास गेला. ताराबाईचे हात पदराआड भराभरा चालत होते. प्रवास कसा झाला, पाऊसपाणी कसं आहे, मुलीचं शिक्षण किती, सगळ्याला सुबरावने नेमकी उत्तरं दिली. मंजुश्री दोनदा गालात हसली. मग नागुबाई उठल्या. बसून बसून कंटाळले, तुमच्या कामाला हात लावते, असं म्हणत त्या स्वयंपाकघराकडे गेल्या आणि दारातच ताराबाईशी खव्याच्या कुंद्याबद्दल बोलत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. दार भरून गेलं. ताराबाई दिसेनाशी झाली.

सुबरावने आपली जुनी युक्ती काढली. पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून त्याने एआयचा विषय घेतला. त्याला पगार नाही, म्हणून बायको नाही, इथपासून सुरुवात करून हातमाग जाऊन यंत्रमाग आले तेव्हाही लोक असेच ओरडत होते, मग यंत्रमाग जातील, अजून काही येईल, माणूस कुठे जातोय, इथपर्यंत तो आला. महादेवराव पीळ देत ऐकत होते. मग ते खुर्चीत पुढे सरकले, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि हळूहळू काहीतरी लांबलचक बोलले. सुबरावला मिशी हलताना दिसली. डोळे मऊ वाटले. मागांकडे पाहून बोलतायत तेव्हा मागांचंच काही विचारत असतील, असा त्याने अंदाज बांधला आणि मोकळेपणाने हसला.

“जाऊ दे की ओ,” तो म्हणाला. “गेलं तर गेलं. त्यात काय एवढं.”

महादेवरावांची पाठ खुर्चीला टेकली. रविराजने हातातला कप खाली ठेवला.

महादेवरावांनी विचारलं होतं ते असं. रविराजच्या कंपनीत ह्या एआयमुळे माणसं कमी करतायत. पोरगं घरी बोलत नाही, पण महिनाभर त्याचं जेवण तुटलंय. आज ना उद्या त्याचीही नोकरी गेली, तर तुम्ही त्याला नावं ठेवाल काय, तुमची लेक त्याच्या पाठीशी उभी राहील काय? ही गोष्ट त्यांनी अजून नागुबाईंजवळही काढली नव्हती.

मंजुश्री कुंद्याच्या बशा घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि वडलांचं हसणंही पाहिलं. बशा तिने मागावरच्या चादरीवर ठेवल्या, वडलांसमोर आली आणि सगळ्यांदेखत हातांनी त्यांना तो प्रश्न सांगितला. मग ती महादेवरावांकडे वळली.

“मामा, आप्पास्नी ऐकू येत न्हाय. समोरच्याचे ओठ दिसले तरच समजतं. तुमचं त्यास्नी कायबी समजलेलं न्हाय.”

महादेवरावांचा हात मिशीवर होता, तो तिथेच थांबला. सुबरावने बाजूने पोरीचे ओठ वाचले होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे कशावरच मत नव्हतं.

“मागामुळं हाय हे,” तो म्हणाला, आणि आवाज फार मोठा झाला हे सगळ्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. “रक्तातलं न्हाय.”

पाहुण्यांनी कुंदा खाल्ला, पाणी घेतलं. निघताना महादेवराव काहीतरी बोलले. सुबरावने दाराकडे पाहिलं. नागुबाई बाहेर पडल्या होत्या आणि ताराबाई पुन्हा दिसत होती. कळवतो म्हणाले, असं तिने सांगितलं. मग दोन बोटं जोडून फाकवली.

तो आठवडा वाईट गेला. सुबराव टपरीकडे फिरकला नाही. साईराज दारात येऊन विचारून गेला, की मत संपलं काय, तर सुबरावने मागाआडूनच हात हलवला. चारचौघांत सांगायचं नव्हतंस, असं तो मंजुश्रीला एकदा म्हणाला. ती रागावली नाही. त्याच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाली, “मी सांगितलं नसतं तर त्यांच्या दुःखाला तुम्ही हसलासा असं समजून गेले असते, आप्पा. त्यापेक्षा न्हाय जमलेलं बरं.”

ती बरोबर होती आणि ते त्याला पटलं होतं, म्हणूनच जास्त लागलं. ऑफिसला जाताना ती नेहमीसारखी नटली नाही, हेही त्याने पाहिलं.

शनिवारी दुपारी दोन्ही माग जोरात चालू असताना ताराबाई दारात आली आणि नाकाखाली बोट फिरवलं. व्यापारी आला असेल म्हणून सुबरावने मान हलवली. पण तिने मानेनेच नाही म्हटलं, पुन्हा नाकाखाली बोट फिरवलं आणि मग रिकामा तळवा पुढे केला. मिशी, पण नाही. नाही म्हणजे काय? बायकोला उन्हाचा त्रास झाला असावा असं वाटून त्याने माग बंद केले आणि बाहेर आला.

उंबऱ्यात एक अनोळखी माणूस गुळाची ढेप घेऊन उभा होता. चेहरा रापलेला, पण नाकाखालची कातडी मात्र फिकी, कित्येक वर्षं ऊन न लागलेली. तिथे मिशीची एक बारीक रेघ तेवढी ठेवली होती. सुबरावने डोळ्यांकडे पाहिलं तेव्हा त्याला ओळख पटली. त्याने हात जोडले ते बराच वेळ तसेच राहिले.

महादेवराव आत आले. सुबरावने पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले नाहीत. त्यांनी ती स्वतः उचलली, दारातला उजेड आपल्या तोंडावर येईल अशी फिरवली आणि मग बसले. सुबराव समोर बसला. ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, पण तिचे हात पदरात गप्प होते.

“एकटाच आलो,” महादेवराव सावकाश म्हणाले. “घरात समद्यास्नी पोरगी पसंत हाय. जी पोरगी बापासाठी चारचौघांत तोंड उघडती, ती आमच्या घरात पायजे. तारीख तुमी सांगा.”

शब्द न् शब्द सुबरावला दिसला. त्याने ताराबाईकडे पाहिलं, तर ती डोळे पुसत होती.

मिशीबद्दल कोणीच काही बोललं नाही. चहा आला. महादेवरावांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुढे सरकले.

“त्या दिशी मी एक इचारलं होतं,” ते म्हणाले. “पोराची नोकरी जाईल काय ओ, त्या एआयमुळं?”

एआयवर सुबरावकडे मतं काही थोडीथोडकी नव्हती. टपरीवर रोज सकाळी तो ती वाटत होता. त्याने समोरच्या बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“मला ठाव न्हाय,” तो म्हणाला. “खरंच ठाव न्हाय, पावनं. पर गेली तर गेली. ह्या घरात बी त्याचं एक ताट हाय, एवढं मातुर ठाव हाय.”

सवयीने महादेवरावांचा हात नाकाखाली गेला. पीळ द्यायला तिथे काही सापडलं नाही, तेव्हा तो तसाच खाली आला आणि चहाच्या कपावर टेकला. सुबरावने ते पाहिलं. मग त्याने नजर त्यांच्या ओठांवर ठेवली आणि ते बोलायची वाट बघत गप्प बसून राहिला.