धरणाचा पान्हा

बाळाचं वजन महिनाभरात वाढलं नाही, म्हणून सासूबाई माझ्यासाठी पान्ह्याचं पाणी घेऊन आल्या.

आमच्या पांगरधऱ्याच्या तलावाला मातीची भिंत आहे. तिच्या पायथ्याशी जिथून पाणी पाझरतं, त्या जागेला गावातल्या बायका पान्हा म्हणतात. माझा नवरा उत्कर्ष या तलावाचा इंजिनिअर. तो नुसतं पाझर म्हणतो. पण ज्या बाळंतिणीला दूध कमी तिने ते पाणी प्यायचं, हे तलाव झाल्यापासून चालत आलेलं. त्यात जातधर्म काही नाही. आमच्या घरात देवपूजा नाही, तरी सासूबाईंचं उत्तर तयार होतं.

"म्या कुठं नारळ फोडला? पाणीच तं आनलं."

सोबत शेजारच्या सरवरीचाची होत्या. दोघींचे चेहरे बक्षीस लागल्यासारखे.

"पाय वं रूपा, आज कसं आलं!" सासूबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला. "निरं दुधावाणी!"

"इतक्या वर्सांत पयल्यांदा पाह्यलं म्या असं," चाची म्हणाल्या. "तुह्या नशिबानं आलं, बेटा. घटाघटा पी."

पाणी खरंच पांढुरकं होतं. मी जात्याच भित्री. बाळ जास्त झोपलं तरी नाकाशी बोट धरून बघते, कमी झोपलं तरी कपाळाला हात लावते. पहिली भीती वाटली ती जुलाबाची. "उकळून पिते," असं म्हणून मी गडवा आत नेला आणि तिथे दुसरी भीती वाटली.

उत्कर्ष लग्नानंतर काही वर्षं एका मोठ्या धरणावर होता. तिथून स्वतः मागून तो इकडे आला, तेव्हा मित्र हसले होते, मोठं धरण सोडून तळ्यावर चाललास म्हणून. तो म्हणाला होता, मोठ्या धरणाकडे सगळे बघतात, या तळ्यांकडे कोण बघतं? त्या धरणाच्या पायथ्याशी मला घेऊन जाऊन त्याने एकदा सांगितलं होतं, मातीचं धरण पाझरतंच, त्याला भ्यायचं नाही. फक्त पाणी नितळ पाहिजे. गढूळ आलं, तर ते धरणाच्या पोटातली माती सोबत घेऊन येतंय.

मी मालेगावला त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"पाऊस झाला का तिकडं?" त्याने विचारलं.

"दसऱ्यापासून थेंब नाही."

"म्हशी गेल्या असतीन."

"आईंना विचारलं. तिथं काटेरी कुंपण आहे."

"काचेच्या ग्लासात ठेव. हलवू नको. मी निघून राह्यलो."

तो मोटरसायकलवरून येईपर्यंत ग्लासाच्या तळाशी तांदळाच्या पिठीसारखा थर बसला होता. वरचं पाणी त्याने ओतून दिलं, थर दोन बोटांत चोळला आणि चहा न घेताच तलावाकडे निघाला.

मीही निघाले. बाळाला तलावाजवळ न्यायला मन होईना आणि घरी ठेवायलाही होईना. घर तर तलावाच्या खालीच. शेवटी भिंत जिथे टेकडीला मिळते तिथे, उंचावर, बाळाला खांद्याशी घेऊन उभी राहिले. पाणी सोडायच्या दाराचं चाक तिथेच, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकूही आलं.

पान्ह्याच्या तोंडाशी बारीक मातीचं वारूळ साचलं होतं. मध्ये भोक, त्यातून पांढुरकं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. तोवर गाव जमलं. पुढे जगदेवभाऊ. त्यांची शेती कालव्याच्या पहिल्याच वळणावर.

"त्यात काय यवढं? दोन ट्रॉल्या काळी माती टाकून बुजवून टाक."

"तोंड दाबलं तं ते दुसरीकून फुटन, भाऊ," उत्कर्ष म्हणाला. "पानी येऊ द्याचं, माती नाही येऊ द्याची. आधी रेती, त्यावर गिट्टी, त्यावर दगड. अन् तलाव अर्धा खाली कराचा. आताच्या आता."

"गव्हाचं पानी हाय ते!" जगदेवभाऊ भिंतीवरून तरातरा चाकापाशी आले आणि आडवे उभे राहिले. "गावचं पोट्टं इंजिनिअर झालं म्हनून आमी पेढे वाटले. अन् तू आमचंच पानी नाल्यात सोडतं? कायच्यावर, तं एका गिलासावर!"

उत्कर्ष मागोमाग वर आला आणि त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, सोमवारी तपासणीचं पथक येईल, तोवर लक्ष ठेवा. बायकांच्या सांगण्यावरून भरलेला तलाव सोडू नका. चुकलात तर निस्तरायला मी येणार नाही. धरण सुरक्षेच्या शाखेत त्याची बढती अडकलेली होती, तिचा कागद याच साहेबांच्या टेबलावर होता. मला ते माहीत होतं, म्हणून मी त्याच्याकडेच बघत राहिले. तो गावाकडे बघत होता. चार वाजले असावेत, घराघरांतून चहाचा धूर निघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "सोमवारपर्यंत तलाव राह्यला पाहिजे, तं पथकाले दाखवता येईन. मी दार उघडून राह्यलो. माझ्या जबाबदारीवर. लेखी पाठवतो."

फोन ठेवला, पण चाकापाशी जगदेवभाऊ तसेच उभे. आणखी चौघे त्यांच्या बाजूला सरकले.

सासूबाई आणि सरवरीचाचीही माझ्यामागून वर आल्या होत्या. इतका वेळ सासूबाई घरून सोबत आणलेल्या गडव्यातल्या उरलेल्या पाण्याकडे बघत होत्या. त्या पोराजवळ गेल्या. "म्हंजे ते दुधावानी आलं ते..."

"धरणाचं अंग हाय ते, आई. आतून झिजून राह्यलं."

"अन् म्या हिले पाजाले नेलं!" त्यांनी गडवा तिथेच उपडा केला. मग जगदेवभाऊंकडे वळल्या. "सर रे जगदेव. तुही सून नातू घेऊन खालीच झोपली हाय नं?"

"अन् गहू पुढच्या साली पेरजो," सरवरीचाची मागून ओरडल्या. "कबरीत काय पोया लाटशीन? तुह्या वजनानं बांध खचन, हट तिथून!"

कोणीतरी हसलं. जगदेवभाऊ हसले नाहीत. पण त्यांनी एकदा खाली आपल्या घराच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाले. चाक गंजलेलं होतं, फिरवायला तिघे लागले. नाल्यात पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा जगदेवभाऊंनी तिकडे पाठ फिरवली.

"रेती माह्या बांधकामाची पडली हाय," ते उत्कर्षला म्हणाले. "ट्रॅक्टर लावतो. पन सारी वापस पाहिजे मले."

अंधार पडायच्या आत रेती, गिट्टी, दगड पडले. ती रात्र सासूबाईंनी मला आणि बाळाला टेकडीवरच्या शाळेत काढायला लावली, आणि निम्मं गाव अंथरुणं घेऊन मागे आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाणी नितळ येऊ लागलं.

सोमवारी पथक आलं. त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी सळई टोचली, तर ती जोर न लावताच मुठीपर्यंत आत गेली. पथकासोबत आलेले उत्कर्षचे साहेब सळईकडे बघत राहिले. "पुढच्या वेळी आधी विचारत जा," एवढंच ते उत्कर्षला म्हणाले. बढतीचं अजून काही कळलेलं नाही.

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. काहीच झालं नाही, मग पाणी सोडलं कायले? जगदेवभाऊंनी गव्हाच्या जागी हरभरा पेरला आणि येताजाता आमच्या दाराकडे बघून मोठ्याने खाकरायला लागले. हापशीवर बायका सासूबाईंना ऐकवत, लिलाबाईच्या पोरानं पान्हा आटवला. सासूबाई एकेकीला गाठून सांगत, "पांढरं आलं तं पेयाचं नाही. पोराले सांगाचं." बाळाचं वजन पुढच्या महिन्यात वाढलं, तेव्हा त्या पान्ह्याचं नाव काढायला गेल्या आणि माझ्याकडे बघून बाळाची दुपटी घडी करायला लागल्या.

परवा उत्कर्ष जेवत होता. सरवरीचाची दारात येऊन घुटमळल्या.

"उत्कर्ष, मले आज जराक पांढरं वाटून राह्यलं, बाप्पा. गलत असन तं हासू नको."

तो ताटावरून उठला. हात धुतला आणि गेला. परत यायला बराच वेळ लागला. कोणीतरी कुंपणाच्या आत शिरून पान्ह्याशी साबण लावून कपडे धुतले होते, त्याचा फेस.

चाचींनी पदर तोंडाला लावला. "हाय अल्ला. जेवनावरून उठवलं तुले."

"उद्या वाटलं तं उद्या बी सांगजा, चाची," तो पाटावर बसत म्हणाला.

"मी तं रोज सांगीन. मग तुही बायको मले शिव्या देईन."

मी भाजी पुन्हा गरम करायला ठेवली आणि चाचींसाठीही ताट घेतलं.